जुनं बेअरिंग फेकू नका

बेअरिंग म्हणजे यंत्राचा फिरणारा दांडा, शाफ्ट, ज्यावर टेकतो तो भाग: आत-बाहेर दोन रिंगा आणि मध्ये पिंजऱ्यात अडकवलेल्या गोळ्या. आमच्या प्लांटरूममधल्या लोखंडी कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात मी बाद झालेली बेअरिंग्ज ठेवतो. प्रत्येकाला सुतळीने पुठ्ठ्याचा तुकडा बांधलेला आहे. कुठल्या पंपावरून निघालं, मोटरच्या बाजूचं की पंपाच्या, महिना कुठला, एवढं त्यावर लिहिलेलं. नवा फॅसिलिटी मॅनेजर आला की हे कपाट रिकामं करा, असं पहिल्याच आठवड्यात सांगतो. मी "करतो साहेब" म्हणतो. साहेब बदलतात, कपाट तसंच राहतं.

मी फिटर. इंजिनिअरिंगच्या पुस्तकात मिलराइट म्हणतात तो. फिरणारं कुठलंही यंत्र पायावर बसवायचं, सरळ करायचं, चालतं ठेवायचं आणि बंद पडलं की उघडायचं, हे माझं काम. आधी कारखान्यांत होतो, आता बरीच वर्षं लोअर परळच्या एका टॉवरच्या तळघरात आहे. वर काचेच्या मजल्यांवर माणसं स्वेटर घालून लॅपटॉपवर काम करतात. त्यांना मे महिन्यात स्वेटर घालावा लागतो तो आमच्या चिलरमुळे, म्हणजे एसीसाठी पाणी गार करणाऱ्या यंत्रामुळे.

या टॉवरच्या जागी आधी गिरणी होती. मुंबईतून यंत्रं गेली, असं लोक सर्रास म्हणतात. गिरण्या गेल्या, हे खरं. कावसजी नानाभाई दावरांनी १८५४ साली ताडदेवच्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली, १८५६ मध्ये ती चालू झाली. तिथून पुढे सव्वाशे वर्षांनी, १८ जानेवारी १९८२ रोजी, दत्ता सामंतांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले. त्यानंतरचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण यंत्रं कुठे गेली? फिनिक्स मिलच्या जागी मॉल झाला, तर त्या मॉललाही सरकते जिने लागतात, पंप लागतात, ब्लोअर लागतात. पावसाळ्यात शहरातलं पाणी उचलून समुद्रात टाकायला हाजी अली, लव्हग्रोव्ह, ब्रिटानिया, ईर्ला इथे पालिकेची पंपिंग स्टेशनं उभी राहिली. मेट्रो आली. चाळीस-पन्नास मजल्यांवर पाणी चढतं ते देवाच्या कृपेने नाही चढत. यंत्रं या शहरात आहेत तेवढीच आहेत, कदाचित जास्तच असतील. फक्त ती तळघरात आणि गच्चीवर गेली, म्हणून रस्त्यावरून दिसत नाहीत. भोंगा वाजत नाही, म्हणून ऐकूही येत नाहीत.

मला हा धंदा ज्यांनी शिकवला ते गिरणीतूनच आलेले. एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यात मी अप्रेंटिस होतो, १९६१च्या कायद्याखालचा, स्टायपेंडवाला. आयटीआयमधून कानस मारायला शिकून आलो होतो. चौकोनी तुकडा घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा, हे पुरेसं झालं होतं आणि आपल्याला फिटिंग येतं अशी माझी समजूत होती. मेंटेनन्सला ज्यांच्या हाताखाली दिलं त्यांना सगळे मामा म्हणत. संप लांबल्यावर त्यांनी गिरणीची वाट बघणं सोडलं आणि आमच्याकडे आले. त्यांच्या खोलीतले बाकीचे साचेवाले, म्हणजे माग चालवणारे होते. त्यांतल्या कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झाला, कोणी गावी गेला. मामा मात्र एका कारखान्यातून उठून दुसऱ्यात फिटरचे फिटरच राहिले. मला वाटतं, साचा चालवण्याचं कसब साच्याशी बांधलेलं असतं आणि यंत्र उघडण्याचं कसब हाताबरोबर येतं. मामांना असं काही बोललेलं आवडत नसे. "नशीब," म्हणायचे आणि तंबाखू मळायचे.

त्यांच्याकडे गिरणीच्या गोष्टी पुष्कळ. त्यांनी पाहिलेल्या आणि त्यांच्या उस्तादाने पाहिलेल्या, दोन्ही. एका वाफेच्या इंजिनावर अख्खी गिरणी फिरायची, छताला लांबच लांब लाइनशाफ्ट, त्यावरून खाली प्रत्येक यंत्राला चामड्याचा पट्टा. १९१५ला टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, गिरण्यांना वीज मिळाली आणि हळूहळू मोटर आल्या. पण शाफ्ट कशावर तरी टेकणारच, आणि टेकण्याची ती जागा तापणारच. मामा उपड्या हाताने बेअरिंगचं तापमान बघायचे. तळहाताने नाही. शॉक लागला तर तळहाताची मूठ वळते आणि हात सुटत नाही. हात पाच सेकंद टिकला तर साठ अंशांच्या आत आहे, टिकला नाही तर शिफ्ट इन्चार्जला हाक मारायची.

त्यांचा एक नियम होता. जुनं बेअरिंग हातात आल्याशिवाय नवं खोक्यातून काढायचं नाही. मी घाईने नव्याचा कागद फाडायला लागलो की हात धरायचे. "काय गेलं ते ऑपरेटर पण सांगतो रे. का गेलं ते सांग."

माझ्या मते या धंद्यातलं निम्मं शहाणपण त्या एका प्रश्नात आहे आणि आज मुंबईत तोच प्रश्न कोणी विचारत नाही.

बेअरिंग उघडायचं कसं, ते आधी सांगतो. कारण पुष्कळ फिटरही थेट ग्राइंडर लावून रिंग कापतात आणि पुरावाच जाळून टाकतात. साधं बॉल बेअरिंग असेल तर पिंजऱ्याचे रिव्हेट उडवायचे, पिंजरा काढायचा, सगळ्या गोळ्या सरकवून एका बाजूला गोळा करायच्या. मग आतली रिंग मोकळी होऊन अलगद बाहेर येते. डिझेलमध्ये धुवायची, पण धुण्याआधी ग्रीस बोटावर घेऊन बघायचं. काळं झालंय का, दुधाळ झालंय का, चिमटीत चुरचुरतंय का. दुधाळ म्हणजे पाणी गेलंय. चुरचुरलं तर धूळ किंवा लोखंडाचा कीस. मग रिंगच्या आतल्या खोबणीवर गोळ्यांनी चालून पाडलेली वाट उजेडात फिरवून बघायची.

बेअरिंग वय होऊन गेलं असेल तर ही वाट खोबणीच्या बरोबर मध्ये, सारख्या रुंदीची, मंद राखाडी दिसते आणि कुठेतरी एका ठिकाणी पोपडा निघालेला असतो. असं बेअरिंग क्वचित हाताला लागतं. लागलं की मी खूश होतो. फार थोडी बेअरिंग्ज म्हातारी होऊन मरतात, बाकीची मारली जातात.

वाट तिरकी असेल, म्हणजे बाहेरच्या रिंगवर एकीकडे या कडेला आणि समोरच्या बाजूला त्या कडेला गेलेली, तर शाफ्ट आणि बेअरिंगची बैठक एका रेषेत नव्हती. शाफ्ट वाकलाय, बैठक चुकलीय किंवा काहीतरी यंत्राला पिळून धरतंय. आतल्या रिंगच्या भोकात लालसर-तपकिरी भुकटी दिसली तर रिंग शाफ्टवर ढिली होती आणि घसरत होती. गोळ्यांमधल्या अंतराने, एका काठाकडे, चपटे खळगे दिसले तर बसवतानाच मारलंय. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसतं ते आतल्या रिंगने. तिला सोडून बाहेरच्या रिंगवर हातोडा मारला की तो मार गोळ्यांतून आत जातो. नव्या बेअरिंगचा तिथेच निकाल लागतो, आवाज यायला फक्त काही आठवडे लागतात.

मोठं बेअरिंग मारायचंच नसतं, तापवायचं असतं. हिशोब साधा आहे. ८० मिमी भोकाचं बेअरिंग ८० अंशांनी तापवलं की भोक जवळजवळ ७७ मायक्रॉनने मोठं होतं. केसाच्या जाडीएवढं. तेवढ्याने ते हातमोज्यातून शाफ्टवर सरकतं आणि शाफ्टवरच्या पायरीला, खांद्याला, टेकतं. आता इंडक्शन हीटर मिळतात. मामा तेलात तापवायचे, डब्यात तारेवर टांगून, कारण तळाला टेकलं तर एकीकडून जास्त तापतं. १२०च्या वर जाऊ द्यायचं नाही, पोलादाचा कडकपणा उतरतो. थर्मामीटर नसला तर? "मग थांब आणि थर्मामीटर आण," म्हणायचे. त्यांच्याबद्दल एवढं सांगतोय म्हणून ते सगळं अंदाजाने करत असतील असं कोणाला वाटेल, तर तसं अजिबात नव्हतं. जुन्या फिटरांच्या हाताच्या जादूच्या कथा सांगितल्या जातात त्या बहुधा मोजमापाचा कंटाळा असलेल्या लोकांनी रचलेल्या असतात. मामांच्या खिशात फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पानांचा जुडगा असायचा, त्याला ते तेलाचं बोट लावून ठेवायचे, कारण मुंबईच्या हवेत त्याची पानं पावसाळ्यात आठवडाभरात गंजतात.

मधल्या काळात मी खाद्यपदार्थांच्या एका कारखान्यात होतो. तिथे एक पंप होता, तो सारखी बेअरिंग्ज खायचा. ६३०८, चाळीस मिमी भोकाचं. शेवटचे दोन आकडे पाचाने गुणले की भोक कळतं, ०४च्या पुढे हे चालतं. तर हे ६३०८ बदलून बदलून लोक कंटाळले होते. आधी बेअरिंग डुप्लिकेट आहे असं ठरलं. नागदेवी स्ट्रीटच्या, म्हणजे यंत्रांच्या सुट्या भागांच्या बाजारातल्या दुकानदाराला शिव्या घालून झाल्या. तिथे डुप्लिकेट मिळतं हे खरं, पण त्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या बसलेले असेही दुकानदार आहेत जे तुटका तुकडा बघून नंबर सांगतात आणि खोटा माल हातात घेतला तर स्वतःच नको म्हणतात. मग ग्रीस बदललं. मग मोटर बदलली. जुनी बेअरिंग्ज मात्र दर वेळी भंगारात.

पुढचं निघालं ते मी ठेवून घेतलं आणि उघडलं. वाट तिरकी. मग मोटर आणि पंप जिथे जोडले जातात त्या कपलिंगला डायल गेज लावून दोघांचे शाफ्ट एका रेषेत आहेत का ते बघितलं, तर अलाइनमेंट ठीक, पाच शतांश मिमीच्या आत. मोटरचा एकेक बोल्ट सैल करून पाय उचलतोय का ते पाहिलं. चारही पाय टेकलेले. मग मामांची दुसरी सवय आठवली. पंपाला जोडलेली पाइप सोडून बघायची. सक्शनच्या, म्हणजे पंपात आत येणाऱ्या पाइपच्या जोडाचे, फ्लॅंजचे, बोल्ट काढायला घेतले. शेवटचा बोल्ट पहारीने ठोकून काढावा लागला आणि तो निघाल्याबरोबर पाइप ताडकन बोटभर बाजूला उडाली. पाइप टाकणाऱ्याने पंपाच्या तोंडाला न जुळणारी पाइप बोल्टांनी ओढून जुळवली होती. पंप त्या दिवसापासून पिळलेल्या अंगाने फिरत होता. पाइपचा सपोर्ट कापून नव्याने वेल्ड केला. त्यानंतर त्या पंपाचं बेअरिंग मी तिथे असेपर्यंत बदललं गेलं नाही. मी त्यावरून कोणाकडून शाबासकी मिळवली असं नाही. न बदललेलं बेअरिंग कुठल्याच रिपोर्टात येत नाही.

पाण्याने मेलेली बेअरिंग्ज मुंबईच्या फिटरइतकी कोणी पाहिली नसतील. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला. कुर्ला, कलिना, साकीनाका, मिठीच्या आसपासच्या गाळ्यांमध्ये शेकडो मोटर बुडाल्या होत्या. मोटरची तार नव्याने गुंडाळणाऱ्या रिवाइंडिंगवाल्यांच्या दाराबाहेर रांगा लागल्या. वाइंडिंग वाळवायचं लोकांना ठाऊक होतं. धुवून भट्टीत भाजायचं, इन्सुलेशन तपासायचा मेगर लावायचा, रीडिंग आलं की चालू. बेअरिंगकडे मात्र, फिरतंय ना, असं म्हणून फडका मारला गेला. थांबलेल्या बेअरिंगमध्ये पाणी गोळी आणि रिंग यांच्या कोपऱ्यात धरून राहतं. तिथे गंजाचा ठिपका पडतो, एकेका गोळीपाशी एकेक. गणपती यायच्या सुमाराला त्या मोटर एकामागून एक ओरडायला लागल्या.

थांबलेल्या यंत्राचं दुसरं दुखणं पाण्याशिवायही होतं आणि ते लोकांना पटवून देणं सगळ्यात अवघड. दोन पंप शेजारी, एक चालू, एक स्टँडबाय. चालू पंपाची थरथर जमिनीतून शेजाऱ्याच्या अंगात जाते. स्टँडबायची गोळी एकाच जागी उभी राहून खोबणीत थरथरते आणि खळगा पाडते. न वापरलेला पंप, गरजेच्या दिवशी चालू केला की पहिल्या मिनिटापासून घरघरतो. साहेब म्हणतात, हा तर नवाकोरा होता. म्हणून दर आठवड्याला पंपांची अदलाबदल करायची आणि थांबलेल्याचा शाफ्ट हाताने पाऊण फेरा फिरवून ठेवायचा. हे काम करताना बाहेरच्याला माणूस रिकामटेकडा वाटतो.

आता कंत्राटांविषयी. पूर्वी कारखान्यात यंत्र उघडणारा माणूस आणि ते पुढच्या वर्षी पुन्हा उघडणारा माणूस एकच असायचा. म्हणून त्याला का गेलं याची लाज असायची. आता टॉवरमध्ये पंपाचं कंत्राट एकाचं, मोटरचं दुसऱ्याचं, मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हचं तिसऱ्याचं. कॉल टाकला की मुलगा बाइकवरून येतो, बेअरिंग बदलतो, फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकतो, सही घेतो, पुढचा कॉल मुलुंडला असतो म्हणून पळतो. सर्व्हिस रिपोर्टच्या कागदावर काय केलं, काय बदललं, किती वाजता आलो, किती वाजता गेलो, सगळ्याला रकाने आहेत. का गेलं याला रकाना नाही. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला पैसे कॉलमागे मिळतात. कारण शोधायला तो दोन तास जास्त थांबला तर त्याचा पुढचा कॉल जातो, आणि शोधलंच तर त्याच्या मालकाचा पुढच्या सहा महिन्यांतला कॉलही जातो. ज्याला दुरुस्तीचे पैसे मिळतात त्याला कारण सापडू नये, अशीच ही व्यवस्था बांधली गेली आहे. कोणी ठरवून नसेल बांधली, पण झाली तशीच.

दसऱ्याला मात्र सगळे खाली उतरतात. वरच्या मजल्यावरची एचआरची मंडळीसुद्धा चिलरला कुंकू लावून फोटो काढतात, पंपांना झेंडूच्या माळा घालतात. दुसऱ्या दिवशी मोटरच्या पंख्याच्या जाळीतून पाकळ्या काढत आम्ही बसतो. श्रद्धा असावी, पण एअर इनटेकपासून दूर असावी.

गेल्या वर्षीपासून माझ्याकडे एक अप्रेंटिस मुलगी आहे. फिटर ट्रेडची, आयटीआयमधून आलेली. मॅनेजरने आधी तिला वर, कॉम्प्लेंट डेस्कवर बसवायचं म्हटलं. मला १९४८च्या कारखाने कायद्याचं बावीसावं कलम आठवलं. मामांनी ते वाचून दाखवलं होतं, कारण त्यात आमचा उल्लेख होता. चालू यंत्र तपासायचं काम खास प्रशिक्षण घेतलेल्या प्रौढ पुरुष कामगारानेच करायचं, त्याने अंगासरशी कपडे घालायचे, ते मालकाने द्यायचे आणि त्याचं नाव रजिस्टरात नोंदवायचं, असं लिहिलेलं होतं. नाव रजिस्टरात, याचा मामांना अभिमान. अंगासरशी कपडे मालकाने द्यायचे, यावर ते हसायचे. 'पुरुष' या शब्दाकडे तेव्हा आमच्यापैकी कोणाचंच लक्ष गेलं नाही.

तर ही मुलगी. पहिल्या आठवड्यात मी तिला कपाटाचा खालचा कप्पा उघडून दिला आणि सांगितलं, पुठ्ठे काढून ठेव आणि प्रत्येक कशाने गेलं ते तू लिही. ती तिरक्या वाटेचं ओळखायला लवकर शिकली. गंजाचे ठिपके आणि थरथरीचे खळगे यांत तिचा गोंधळ व्हायचा. एकदा एक रिंग हातात घेऊन आली.

"काका, याला रेघा आहेत."

"कसल्या?"

"आडव्या. सगळीकडे. सारख्या अंतराने. कपडे धुवायच्या फळीसारख्या."

ती चिल्ड वॉटर पंपाच्या, म्हणजे चिलरचं गार पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, मोटरची रिंग होती. दोन वर्षांपूर्वी वीज वाचवायला त्या मोटरींना ड्राइव्ह बसवले. कल्पना चांगली आहे, माझा विरोध नाही. वेग वीस टक्के कमी केला की असल्या पंपाला वीज जवळपास निम्मीच लागते. पण ड्राइव्ह विजेचे फार वेगाने तुकडे पाडतो, त्यातला थोडा दाब मोटरच्या शाफ्टवर चढतो आणि जमिनीकडे जायला वाट शोधतो. सगळ्यात सोपी वाट बेअरिंगमधून. गोळी आणि रिंग यांच्यामधल्या तेलाच्या पडद्यातून ठिणगी पडते, डोळ्याला न दिसणारी, पण सतत. त्यातून अशी फळी तयार होते. आवाज आधी गुणगुणल्यासारखा येतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाच्या हाडाला लावली की तो वेगळा कळतो.

मी हे सगळं सांगितल्यावर तिने विचारलं, "मग बेअरिंग बदलून काय उपयोग?"

तिने त्याच दिवशी बाकीच्या पंपांची पुठ्ठे बांधलेली बेअरिंग्ज काढून उघडली. ड्राइव्ह बसवल्यानंतर निघालेल्या सगळ्यांना कमी-जास्त रेघा. त्याआधीच्या एकालाही नाही. तिने फोटो काढले, तारखा लावल्या आणि प्रत्येक मोटरला शाफ्टवरची वीज जमिनीत सोडणारा अर्थिंगचा ब्रश आणि एका टोकाला वीज न जाऊ देणारं इन्सुलेटेड बेअरिंग बसवावं, असं पत्र तयार केलं. मी सही केली. वर पाठवलं.

खरेदी विभागाचं उत्तर आलंय. ब्रश आणि इन्सुलेटेड बेअरिंग मिळून साध्या बेअरिंगच्या कितीतरी पट महाग पडतं, शिवाय साधं बेअरिंग बदलणं वार्षिक कंत्राटात आहेच, त्यामुळे ते फुकटच पडतं. पंप बंद ठेवायचा वेळ, मोटर उतरवायची चेनपुली आणि माणसं, वरच्या मजल्यांच्या तक्रारी, हे त्यांच्या तक्त्यात कुठेही नाही. पोरगी चिडली आहे. तिने आता तो तक्ता मागवून घेतला आहे आणि तिसऱ्या तळघरात बसून त्यात नवे रकाने आखते आहे. पुढच्या सोमवारी मीटिंग आहे. मी तिला सांगितलंय, रिंग बरोबर घेऊन जा, धुतलेली, आणि सगळ्यात आधी मॅनेजरच्या हातात दे.